साबणाचा रंग

लोखंडाचा पत्रा तापवला की लाल होतो. म्हणजे सांगतो तरी, की बाबा, आता पुरे. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. पांढरंच्या पांढरं राहतं आणि जास्त तापलं की एका क्षणी आहे त्या जागेवरून गळून खाली पडतं, मागे भोक उरतं. हे मी कोलशेतच्या शेडमध्ये शिकलो. त्याआधी चार-पाच वर्षं कल्याणच्या एका गॅरेजात टॅक्सी-टेम्पोंचे पोचे काढत होतो, आणि आपल्यासारखा डेंटर उल्हास नदीच्या अलीकडे-पलीकडे नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि डोंबिवलीत एका खोलीत आई, बायको आणि मी असे राहत होतो. कोलशेतला खाडीच्या अंगाला एक मोठी शेड होती, तिथे बसच्या बॉड्या दुरुस्त व्हायच्या. कंपन्यांच्या कामगारांना नेणाऱ्या बस, शाळेच्या बस, वऱ्हाडाच्या बस. आतला सांगाडा लोखंडी आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, रिबिटा मारून बसवलेला. ठोकर लागली की तो पत्रा वाकायचा, पिळवटायचा, आणि तो परत सरळ करायचं काम आमचं.

पहिल्या दिवशी मला एका बसच्या दरवाजाशेजारचा पत्रा दिला. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि लोखंडाला मारतात तसे दणके हाणले. प्रत्येक दणक्यासरशी पत्रा ताणत गेला. अर्ध्या तासात पोचा गेला आणि त्याच्या जागी पोट आलं. आत दाबलं की टक् करून आत, सोडलं की टुक् करून बाहेर. शेडमधले सगळे कामं थांबवून ते टक्-टुक ऐकत राहिले. मिस्त्री आले, त्यांनी एका बोटाने ते पोट दोनदा वाजवून पाहिलं.

"पत्र्याचा पापर केलास," ते म्हणाले. "सोर ता. उद्या शिकवतो."

मिस्त्री म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने कारागीर. कोलशेत गावातलेच, कोळी. वडील-आजे खाडीत जाळी टाकायचे. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, मासळी गेली आणि मिस्त्रींनी हातोडी धरली. पन्नाशी ओलांडलेली, हात नांगरासारखे, पण तळहात मात्र अजब. पत्र्यावरून हात फिरवला की केसाएवढा उंचवटा त्यांना कळायचा. बोलणं कमी. शिकवायचे, पण कौतुक म्हणून कधी करायचे नाहीत. मला कौतुकाची सवय होती, म्हणजे मी स्वतःच ते करत असे.

त्यांनी शिकवलं ते असं. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक होतं, मग ते वळत नाही, तडकतं. त्याला आधी मऊ करायचं. त्यासाठी कपड्याचा साबण घ्यायचा, साधी पिवळी वडी, आणि पत्र्यावर घासायचा. मग गॅसच्या नळीची ज्योत मऊ करून पत्र्यावरून हलकी फिरवायची, एका जागी थांबू द्यायची नाही. पत्रा रंग बदलत नाही, पण साबण बदलतो. पिवळा, मग तांबूस, मग तपकिरी. तपकिरी झाला की ज्योत मागे. मग पत्रा लोण्यासारखा होतो, लाकडी मोगरीने हळूहळू गोलाईत आणता येतो. साबण काळा पडू दिला की पुढचा भरवसा नाही.

शेडची आणखी एक रीत होती. आपण केलेला पत्रा आपण तपासायचा नाही. काम झालं की हातोडी खाली ठेवून दोन पावलं मागे व्हायचं. दुसऱ्याने यायचं, तळहात फिरवायचा आणि जिथे उंच-सखल लागेल तिथे खडूने गोल काढायचा. ते गोल संपेपर्यंत पत्रा रंगाऱ्याकडे जायचा नाही. आपला हात आपल्या कामाला नेहमी माफ करतो, असं मिस्त्री म्हणायचे. माझा तर फारच उदार होता.

तीन-चार महिन्यांनी एका दुपारी मिस्त्रींनी मला एका उघड्या बसच्या आड नेलं. शेडचा मालक, म्हणजे शेठ, समोरच्या केबिनमध्ये होता, म्हणून आवाज खाली.

"तुना एक सांगतो, कोनाला बोलू नको. माझ्या डोल्यात परदा आयलाय. मानूस दिसतो, त्याचा तोंड नाय दिसत. गारी दिसते, पन रंग नाय दिसत. जोत पेटली का तर कायच नाय दिसत."

मला आधी कळेचना. मग कळलं. साबणाचा रंग त्यांना दिसत नव्हता.

"शेठला कललं तर गॅस काढून घेल. गॅस गेला का मी काय करू? खाडीत तर काय नाय आता." त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "तू फक्त बाजूला उभा ऱ्हा. साबन तपकिरी झाला का 'झालं' बोल. बाकीचा मी बघतो."

मी हो म्हणालो. आनंदाने म्हणालो, हे खरं आहे. एवढ्या मोठ्या कारागिराने आपल्यावर भिस्त टाकली याचं मला अप्रूप वाटलं. बदल्यात त्यांनी हातचं काही राखून ठेवलं नाही. मोगरी कुठून मारायची, पत्रा कुठे ताणलाय आणि कुठे दबलाय हे हाताने कसं ओळखायचं, वाळूच्या पिशवीवर गोलाई कशी आणायची, सगळं. मी बाजूला उभा राहून "झालं" म्हणायचो आणि त्याच क्षणी ज्योत मागे जायची. वर्षभर हे चाललं. एकदाही चुकलं नाही. मी कधी त्यांना तहान लागली म्हणून पाणी विचारलं नसेल, पण "झालं" मात्र वेळेवर म्हटलं.

पण कौतुक कुणाचं व्हायचं? मिस्त्रींचं. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा हात बघा, पूर्ण ठाण्यात असा हात नाही." आणि मी? मी मिस्त्रींचा हेल्पर. हळूहळू माझ्या डोक्यात भरायला लागलं की खरं काम तर मीच करतो. माझ्याशिवाय यांचा एक पत्रा होणार नाही. राग माझ्या नाकावरच असतो, आमच्या घराण्यातच तो आहे, आणि असल्या विचाराला त्याने चांगलंच खतपाणी घातलं.

मे महिन्यात शेठने मला पहिल्यांदा एक अख्खी बाजू एकट्याला दिली. एका कंपनीच्या बसची उजवी बाजू, ट्रकने घासत नेलेली. तीन दिवस मी मान मोडून काम केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी हातोडी खाली ठेवली, दोन पावलं मागे झालो. नेमका त्याच वेळी शेठ बसच्या मालकाला घेऊन आला. मिस्त्री पुढे झाले, डोळे मिटले आणि हात फिरवायला लागले. एक गोल काढला. थोडं पुढे गेले, दुसरा काढला. मी मोजत होतो. अकरा झाले.

"हितं पोट हाय," ते शेवटच्या गोलापाशी म्हणाले. "घाई केलीस."

शेठ हसला. "काय रे डोंबिवलीच्या हिरो, तुझ्या पत्र्यावर तर चंद्र-तारे उगवले!"

बसचा मालक हसला, रंगारी हसला, वेल्डर हसला. मिस्त्री हसले नाहीत, ते खडू खिशात ठेवून दुसऱ्या बसकडे गेले. सगळे पांगल्यावर मी स्वतः हात फिरवून पाहिला. अकराच्या अकरा गोल बरोबर होते. एक जरी चुकीचा असता ना, तर मी तेवढ्यावर समाधान मानलं असतं. घरी बायकोला सांगितलं की म्हाताऱ्याने मुद्दाम लाज काढली. ती म्हणाली, "पण पत्रा खराब होता का?" मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाची बस होती. तिचा मागचा कोपरा, वर छताकडे वळत जाणारा गोल तुकडा, एका खांबाला लागून पिळवटला होता. असा गोल तुकडा बाजारात तयार मिळत नाही, आहे तोच सरळ करावा लागतो. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी खडवलीहून निघणार होतं आणि शेठने शब्द दिला होता. मिस्त्रींनी तुकडा उतरवून कामाच्या लाकडी घोड्यावर ठेवला, साबण घासला, गॅस पेटवला. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो, त्यांच्या डाव्या हाताला.

साबण पिवळा होता. तांबूस झाला. ज्योत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे संथ फिरत होती. मग साबण तपकिरी झाला. 'झालं' माझ्या जिभेवर आलं. मी ते गिळलं.

मला त्यांचं वाटोळं करायचं नव्हतं. हे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. पत्रा थोडा जास्त मऊ व्हावा, खाली बसावा, त्यांच्याही कामावर एकदा गोल निघावेत, सगळ्यांसमोर, एवढंच मनात होतं असं मी म्हणायचो. वकीलही मीच आणि न्यायाधीशही मीच, मग निकाल काय लागणार? पण साबण काळा पडला तेव्हाही मी पाहत होतो. तेव्हा बोललो असतो तरी पत्रा वाचला असता. काळा पडून गेल्यावर ज्योत आणखी एकदा उजवीकडे गेली आणि एकदा डावीकडे आली. मी मूग गिळून उभा राहिलो. आणि वीतभर पत्रा आवाज न करता खाली गळला.

मिस्त्रींना ते पायावर गरम थेंब पडल्यावर कळलं. त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुढे करून भोकाची कड चाचपली. बोट भाजलं तरी पूर्ण कड फिरवून पाहिली. मग माझ्याकडे तोंड वळवलं.

शेठ धावत आला. "अरे, हे काय केलं? उद्या सकाळी वऱ्हाड आहे! दिसत नाही का तुम्हाला?"

तो रागात सहज बोलून गेला होता. पण मिस्त्रींची बोटं अजून भोकाची कड चाचपत होती, आणि शेठची नजर बदलली. तो जवळ आला. मिस्त्रींच्या तोंडासमोर त्याने हात धरला.

"किती बोटं आहेत?"

मिस्त्रींनी मान थोडी तिरकी केली. "तीन," म्हणाले.

दोन होती. शेडमध्ये कुणीच हसलं नाही, याचं मला आज जास्त वाईट वाटतं. हसले असते तर मी चिडू तरी शकलो असतो.

"कधीपासून?" शेठने विचारलं. "इतके दिवस तुम्ही आंधळ्यासारखा गॅस चालवताय? शेड पेटली असती म्हणजे? आणि इतके पत्रे केलेत कसे?"

आता ते माझं नाव घेणार. हा बाजूला उभा राहायचा, हाच सांगायचा, आज यानेच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या कानफटात मारून मला गेट दाखवलं गेलं असतं, आणि त्यात चूक काहीच नसती.

"अंदाजानं," मिस्त्री म्हणाले. "आज अंदाज चुकला."

एवढंच. माझं नाव आलं नाही. मी सुटलो आणि मला हायसं वाटलं. लाज नाही वाटली, हायसं वाटलं. लाज नंतर आली, आणि आली ती राहायलाच आली.

पण वऱ्हाड थांबणार नव्हतं. मिस्त्रींनी भोकाच्या कडा कातरीने सारख्या केल्या, नवीन पत्र्याचा तुकडा कापला आणि गॅस न लावता, वाळूच्या पिशवीवर नुसत्या मोगरीने त्याला गोलाई द्यायला बसले. दोन तास ते ठोकत होते, मधून मधून भोकावर धरून हाताने चाचपत होते. कुणी जवळ गेलं नाही. ठिगळ बसवून रिबिटा मारून झाल्यावर त्यांनी मोगरी खाली ठेवली आणि रीतीप्रमाणे दोन पावलं मागे झाले.

शेठने खडू माझ्या हातात दिला.

मी तळहात फिरवला. वरून खाली, खालून वर, ठिगळाच्या कडेने. रिबिटा नसत्या तर जोड कुठे आहे हे हाताला कळलं नसतं. मी एकही गोल काढला नाही. पण चांगलं झालंय, एवढे दोन शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी खडू शेठला परत दिला. मिस्त्रींनी टोपी घातली, डबा घेतला आणि गेटच्या दिशेने सरळ चालत गेले. रस्ता पायाखालचा होता.

"उद्यापासून गॅस तू धर," शेठ म्हणाला.

"हो शेठ," मी म्हणालो. विचार करायलाही वेळ घेतला नाही.

पुढे मला सगळे मिस्त्री म्हणायला लागले. शेठ गिऱ्हाइकाला माझा हात दाखवायचा. आईने शेजारी पेढे वाटले. माझ्या पत्र्यांवर गोल कमी निघायचे, कारण खडू ज्यांच्या हातात होता त्यांच्या तळहातांना फारसं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. पत्रा रंगून, चकचकीत होऊन बाहेर पडायचा आणि कुठे कुठे पोट राहिलंय ते मला ठाऊक असायचं. बायकोने एकदा विचारलं की ते म्हातारे मिस्त्री कसे आहेत आता. मी म्हणालो, डोळे गेले त्यांचे. तिने हळहळ केली. मीही केली, आणि ती बऱ्यापैकी जमली.

दीड वर्षाने रंगाऱ्याने बातमी आणली की म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. मी ठरवलं की जाऊन सगळं सांगायचं. रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघालो. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होतो. 'मिस्त्री, मला दिसलं होतं. रागाने बोललो नाही.' एवढंच वाक्य. मी ते इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्यात काही अर्थच राहिला नाही, पण सोडलं नाही.

गावातलं त्यांचं घर खाडीच्या जवळ होतं. मिस्त्री ओट्यावर बसले होते, जाड भिंगांचा चष्मा, कोणाच्या तरी जुन्या ॲल्युमिनियमच्या टोपाचा पोचा काढत. गावातली भांडी त्यांच्याकडे यायला लागली होती. मला पाहून त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि बराच वेळ नुसतं पाहिलं.

"बोल," मी कोण ते ओळखू न आल्याने ते म्हणाले. मी "मिस्त्री" अशी हाक मारली, तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "तू हायस? आवाज वलखला. तोंड पयल्यांदा बघतो. मना वाटलेलं तुना मिशी असंल."

त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं. शेडची, शेठची, वेल्डरची चौकशी केली. मी उत्तरं देत राहिलो आणि ते वाक्य मागे मागे जात राहिलं. चहा यायला वेळ होता. मिस्त्रींनी टोप बाजूला ठेवला.

"त्या दिवशी मना वास आयलेला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "साबन काला परला का वास बदलतो. इतकी वर्सं काम केल्यावर कलतं. मी हात मागं घेनारच व्हतो."

"मग?" मी विचारलं.

"तू बोलला नव्हतास ना. मी मनाशी बोललो, म्हातारा झालास, नाक बी गेलं तुझं. पोराला दिसतंय, तो बोलल." त्यांनी हात पुसले. मग चष्म्यातून सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "तुना नाय दिसलं का रे त्या दिवशी?"

याच्यासाठीच तर मी आलेलो. त्यांनी दरवाजा उघडून धरला होता, मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"धूर होता, मिस्त्री," मी म्हणालो. "मलाही नाही दिसलं."

मे महिना होता तो. शेडच्या दोन्ही बाजू उघड्या, खाडीवरचा वारा आरपार जात होता. धुराचं नावसुद्धा नव्हतं. आणि डोळ्यांत पडदा असला तरी धूर आहे की नाही हे माणसाला कळतंच.

मिस्त्रींनी मान हलवली. "असंल," म्हणाले. "धूर व्हता खरा."

चहा आला. त्यांनी माझी बशी आधी भरली. मी तो प्यायलो, आणखी हवा का विचारलं तेव्हा आणखी घेतला, आणि निघताना त्यांच्या पाया पडलो.